आईने कोरडी केलेली भेंडी

भेंडी परतल्याचा वास आला की मला जर्मनीतल्या आखन शहरातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. २००६ च्या नोव्हेंबरातला शनिवार, तुर्की दुकानातली उरलीसुरली सातशे ग्रॅम भेंडी आणि हजर तिघे: मी, पुण्याहून आलेली आई आणि वरच्या मजल्यावरचा डेव्हिड. तो अमेरिकेतल्या लुइझियानाचा. घरच्यासारखा भेंडीचा रस्सा त्याने दोन वर्षांत खाल्ला नव्हता.

त्या रश्शासाठी तो तेलात मैदा तांबूस भाजत होता. तेवढ्यात आईने भेंडी पुसून, चिरून, आमसूल टाकून परतली, अगदी तार मोडेपर्यंत.

डेव्हिडने कढईत पाहिलं. "चिकटपणा कुठे गेला? त्यानेच तर रस्सा दाट होतो."

मी ते आईला मराठीत सांगितलं.

"पाहुण्याला बुळबुळीत भेंडी वाढायची होय रे?" ती म्हणाली आणि डाळीचं पीठ कालवून तिने रश्शात सोडलं.

तेव्हा मी ओशाळलो होतो. आज वाटतं, पाहुण्याची एवढी काळजी मी तरी कुठे केली होती?

तिसरी वाटी संपवून डेव्हिड म्हणाला, "माझ्या आईला सांगू नका."

मग तो पैसे देऊ लागला. आईने त्याला भांड्यांचा ढीग दाखवला. त्याने सगळी घासली.