सगळी बिलं एक तारखेची

मुक्ताई गित्ते पहिल्यांदा वर्गात आली, तेव्हा ती झाडायला आलीय असं मी समजलो. दोष अर्धाच माझा. आयटी पार्कातल्या हाउसकीपिंगचा निळा गणवेश तिच्या अंगावर होता, आणि आल्या आल्या तिने खडूची धूळ बसलेलं माझं टेबल पुसून घेतलं. मग पिशवीतून वही काढून ती पहिल्या बाकावर बसली.

"अहो बाई, इथे अकाउंट्स शिकवतात," मी म्हणालो.

"व्हय सर. फी भरलीय."

हे २००७ सालचं. सहकारी बँकेतून निवृत्त झालो होतो. घरात बसून बायकोच्या कामात चुका काढण्यापेक्षा बरं, म्हणून हडपसरला एका संस्थेच्या संध्याकाळच्या वर्गात शिकवायला जात असे. सहा महिन्यांचा कोर्स आणि शेवटी 'अकाउंट असिस्टंट' असं प्रमाणपत्र. आजूबाजूला काचेच्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीला बिलं लिहायला कुणीतरी लागत होतंच. वर्गात पंचवीस जण. त्यांतल्या बऱ्याच जणांपुढे माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि हे मी त्यांना रोज तोंडावर सांगत असे.

मुक्ताई गंगाखेडकडची. बारावी कॉमर्स झाली, त्याच उन्हाळ्यात लग्न. नवरा वैजनाथ कामासाठी पुण्याला आला, मागोमाग ही. तो एका कारखान्यात हेल्पर, ही सात वर्षं आयटी पार्कात चौथ्या मजल्यावर. कामाला ती कधी नावं ठेवत नसे. तक्रार एकच.

"बसायला नाही सर. आठ घंटे उभं. डबा जिन्यात खायचा. इतक्या खुर्च्या पडल्यात तिथं, पन आमाला बसायचं नाही."

तिच्या ठेकेदार कंपनीच्या ऑफिसात अकाउंट असिस्टंटची एक जागा निघणार होती. कोर्स केलास तर परीक्षेला बसवू, असं तिला साहेबांनी सांगितलं होतं. अट एवढीच की वय पस्तिशीच्या आत हवं. मुक्ताईला चौतीस पूर्ण होऊन चार महिने झाले होते. जागा मिळाली तर आत्ता, नाहीतर नाही.

ती झपाट्याने शिकली. जे येतं ते नावे, जे जातं ते जमा, हे ती फरशी पुसता पुसता घोकत असे. महिन्याभरात कॉलेजातली पोरं तिच्या वहीत डोकावायला लागली. मी कुणाचं तोंडभर कौतुक करत नाही, पण ठेकेदाराच्या ऑफिसात अभिनव नावाचा तरुण अकाउंटंट होता, त्याला मी आपण होऊन फोन केला. म्हणालो, "एक बाई पाठवतोय. नीट बघा."

आता तारखेचं सांगतो. वर्गातल्या संगणकांवर हिशेबाचं जे सॉफ्टवेअर होतं, ते विद्यार्थ्यांसाठीचं, फुकटचं. त्यात महिन्याच्या ठरावीक तारखाच चालतात: पहिली, दुसरी आणि शेवटची. शिकण्यापुरतं तेवढं भागतं. ऑफिसात पैसे भरून घेतलेलं असतं, त्यात सगळ्या तारखा चालतात आणि बिलावर जी असेल तीच टाकायची असते. हे सांगायला एक मिनिट पुरे. मी ते कधी सांगितलंच नाही. एवढं कुणालाही कळतं, अशी माझी समजूत. "तारीख एक टाका, पुढे चला," असं मी रोज ओरडायचो.

एकदा मुक्ताईने हात वर केला. "सर, बिलावर सात तारीख हाय. मग एक कशापायी?"

"सांगितलंय तेवढं करा, बाई. डोकं चालवायला मी बसलोय ना इथे?"

वर्ग हसला. तीही हसली आणि एक टाकून पुढे गेली. पुन्हा तिने तारखेचं विचारलं नाही.

परीक्षा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी अभिनवचा फोन आला.

"सर, बाई सिन्सिअर आहेत, पण बेसिकच क्लिअर नाहीये हो. तीस बिलं दिली होती, वेगवेगळ्या डेट्सची. सगळी एक तारखेला टाकली त्यांनी."

"आणि बाकी?"

"बाकी सगळं करेक्ट. अमाउंट, पार्टीचं नाव, टॅक्स, सगळं. म्हणून तर ऑड वाटलं."

मला तिथल्या तिथे उमगलं. बोलायचं होतं ते दोन वाक्यांचं: चूक माझी आहे, तिला आणखी दहा मिनिटं बसवा. पण बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा मारल्या होत्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं म्हणतात. मला मुसळ दिसलं होतं. पंचविशीतल्या पोरासमोर ते कबूल करणं मात्र झालं नाही.

"गडबडली असेल," मी म्हणालो.

"हो ना. मग नेक्स्ट कॅन्डिडेट बघतो."

दोन दिवसांनी मुक्ताई वर्ग भरायच्या आधी आली. मी दिलेलं पुस्तक तिने वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत आणलं होतं.

"तुमचं नाव खाली केलं, सर," ती म्हणाली. "काय चुकलं तेवढं सांगा. तिथं कुनी सांगंना. मी तर सगळं तुम्ही सांगितल्यावानीच केलं."

अजूनही वेळ गेली नव्हती. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी पुस्तक कपाटात ठेवलं आणि तिच्याकडे पाठ ठेवूनच म्हणालो, "स्पीड कमी पडला."

मी वळलो तेव्हा ती आपली बोटं बघत होती. बोटांची टोकं पांढरी पडून चिरली होती.

"ॲसिडनं झाल्यात अशी," ती म्हणाली. "बटन दाबलेलं कळतच नाही कधी कधी. आता बोटं कुठून आनू?"

"असू द्या. होतं असं," मी म्हणालो, जणू मीच तिला माफ करत होतो. त्याची मला आजही लाज वाटते. खरं कळलं असतं तर ती दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या ऑफिसात गेली असती. हडपसरात तेव्हा जागांना तोटा नव्हता आणि सगळीकडेच काही पस्तिशीची अट नव्हती. तारीख तिने एका मिनिटात सुधारली असती. बोटांना तिच्याकडे इलाज नव्हता, म्हणून तिने अकाउंट्सचा नाद सोडला.

पुढच्या बॅचला मी पहिल्याच दिवशी तारखेचं सांगितलं. दोनदा सांगितलं.

वर्षाने प्रवेशाच्या दिवसांत मुक्ताई पुन्हा आली. तोच निळा गणवेश. सोबत तिच्याच मजल्यावरच्या सुशीलाबाई आणि त्यांची बारावी झालेली मुलगी.

"हे आमचे सर," मुक्ताई त्यांना म्हणाली. "लई जीव लावून शिकवत्यात. माझीच बोटं चालली नाहीत, त्याला ते काय करतील? पोरीची बोटं चांगली हायत, तिचं व्हईल."

सुशीलाबाईंनी मला नमस्कार केला आणि फी विचारली. मी सांगितली.