ओलं भांडं

कुंभारकामाच्या वर्गात चाकावरून उतरलेला चिखल ज्या बादलीत टाकतात तिचा वास मला कधीच सहन झाला नाही. शेवाळलेलं पाणी, कुजलेली पानं आणि माणसांच्या हातांचा घाम, असं सगळं त्यात मिसळलेलं असायचं. वर्गातल्या सगळ्यांच्या फसलेल्या वाट्या आणि ग्लास त्या बादलीत एकत्र भिजत पडायचे. कुणाचा लांब केस, कुणाच्या नखाचा तुकडा, एकदा तर कानातलं सापडलं. काही दिवसांनी तीच माती मळून पुन्हा आमच्यासमोर यायची.

"जितकी सडली तितकी चांगली, काका," शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या. "सडलेली माती हातात नीट वळते."

मी मान हलवायचो. मनात म्हणायचो, सडलेलं ते सडलेलंच.

निवृत्तीनंतर माझी बोटं आखडायला लागली. डॉक्टर म्हणाले, हात चालते ठेवा. रामदासपेठेत आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एका बंगल्याच्या मागच्या गॅरेजमध्ये हा वर्ग भरायचा. तिथं पाचसहा चाकं होती, कोपऱ्यात विजेची भट्टी होती आणि भिंतीला लागून भांडी सुकवायच्या फळ्या. वर्गातल्या एक बँकेतल्या बाई म्हणायच्या की मातीत हात घातला की मन कसं शांत होतं. माझं मन शांत झालं नाही. बोटांच्या मधून गार बुळबुळीत चिखल वर यायचा तेव्हा मला शेंबड्या नाकाची आठवण यायची. गोळा चाकाच्या बरोबर मध्ये आणायचा असतो, तो काही केल्या मध्ये यायचा नाही. माझ्या हातांना झटके देत तो फिरायचा आणि शेवटी एका बाजूला लोळण घ्यायचा.

"ढकलू नका, काका. कोपर मांडीवर टेकवा आणि हात नुसता धरून ठेवा. माती येईल तुमच्याकडे."

माझ्याकडे आयुष्यभर सगळं येतच होतं. फायली यायच्या, माणसं यायची, उभी राहायची. पंच्याहत्तरीला येऊन मातीची वाट पाहत बसायचं, याचा मला राग होता. घरी बायको वेगळंच म्हणायची.

"एखादी पणती तरी आणा ना घरी. का नुसता पँटीला चिखलच लावून आणून राहिले?"

वर्गात हिंगण्याहून येणारी एक बाई होती. वय चाळीसच्या आतबाहेर. नवरा तिथल्या एका कंपनीत, शिफ्टच्या कामाला. मी आणि ती एकाच महिन्यात लागलो होतो. माझी माती लोळत होती तेव्हा तिचे ग्लास सरळ उभे राहायला लागले. तिचा हात पाहून मॅडमनी तिच्याकडे भट्टी सोपवली. कुणाचं भांडं सुकलं, कुणाचं नाही, हे पाहायचं, थर लावायचे आणि भट्टी सुरू करायची. त्या बदल्यात तिची फी माफ झाली, आणि दिवाळीनंतर मुलांचा रविवारचा वर्ग पगारावर तिच्याकडे देण्याचं ठरलं. लग्नानंतरची ती तिची पहिली स्वतःची कमाई होणार होती. सासू तिला इतक्या लांब पाठवायला तयार नव्हती. या वर्गाच्या आशेवर तिनं घरी हो म्हणवून घेतलं होतं. हे तिनंच आम्हांला सांगितलं होतं, हसत हसत, चहा पिताना.

ऑगस्टात नागपुरात काहीच सुकत नाही. त्यात पोळा तोंडावर आलेला. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, नातवंडांना लाकडी बैलांऐवजी मातीचे बैल द्यायचे, असं वर्गातल्या सगळ्यांच्या डोक्यात आलं. चाकावर पोकळ धड करायचं, मग पाय, मान आणि शिंगं चिकटवायची. मला बैल जमणं शक्यच नव्हतं. मी एक वाडगा केला होता. बुडाला जाड, काठाला पातळ, पण न लोळता उभा राहिलेला माझा पहिला. पोळ्याच्या दिवशी तो घरी टेबलावर असेल, असं मी बायकोला आणि जेवायला येणाऱ्या मेव्हण्याला सांगून बसलो होतो.

ओलं भांडं भट्टीत गेलं तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ते फुटतं. एकटं फुटत नाही, शेजारच्यांनाही घेऊन जातं. म्हणून ती प्रत्येक भांडं उचलून गालाला लावायची. सुकलेली माती गालाला गार लागत नाही. ओली लागते. त्या दिवशी तिनं एकेक बैल गालाला लावला, आत ठेवला आणि मग माझा वाडगा उचलला.

"थंड लागून राहिला, काका. बुडात पाणी आहे अजून. हा पुढच्या भट्टीले."

"वरून तर कोरडा दिसतोय."

"वरून तर तुम्हीपण कोरडेच दिसता, काका. एक कप चहा पोटात गेला का मग पाहा कसे वाहता!"

सगळे हसले. मीही हसलो. तिनं वाडगा खिडकीजवळच्या फळीवर ठेवला, शेवटचा थर लावला, भट्टीचं झाकण ओढलं आणि हात धुवायला नळावर गेली. बटण दाबायचं बाकी होतं. बाकीचे चपला घालत होते. मी फळीवरून वाडगा उचलला, झाकण वर केलं, दोन बैलांच्या मध्ये जागा केली आणि तो ठेवून दिला.

इतकंच केलं. त्या वेळी मला वाटलं ते लिहिताना आजही तोंड कडू होतं. मला वाटलं, ही माझ्याबरोबरच आलेली मला काय शिकवते. गाल लावून तपासणं म्हणजे काय तपासणं झालं?

भट्टी पेटून, थंड होऊन उघडेपर्यंत मधला दिवस जातो. उघडताना सगळे जमायचे, हा तिथला रिवाज होता. मॅडमनी झाकण उचललं. आत बैल नव्हते. मुंड्या होत्या, शिंगं होती, पोटाच्या खापऱ्या होत्या, आणि सगळ्यांवर माझ्या वाडग्याचे चपटे तुकडे पापडासारखे पसरले होते. एका कॉलेजच्या मुलीनं तोंडावर हात ठेवला. पोळा दुसऱ्या दिवशी होता.

"ओलं काय गेलं आत?" मॅडमनी विचारलं.

"काहीच नाही, मॅडम. मी एकेक गालाले लावून पाहिलं."

"मग हे आपोआप झालं का?"

तिनं खिडकीजवळच्या फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती. मग माझ्याकडे पाहिलं. "काकांचा वाडगा मी ठेवला नव्हता. मी बाजूला काढला होता."

सगळे माझ्याकडे वळले. मी वयानं सगळ्यांत मोठा. माझ्या तोंडून जे निघालं ते मला अजूनही शब्दन्‌शब्द ऐकू येतं.

"ठेवला असशील, ताई, गडबडीत लक्षात राहिलं नसेल. माणूस आहे, चूक होते. मॅडम, तिला माफ करा. माझंही भांडं गेलंच की, मी काही बोललो का?"

खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. पण खोटं बोलून वर दुसऱ्याला क्षमा करणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला, आणि तो माझ्या अंगात होता. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "बघा, काकांचं मन केवढं!" त्यांनी मला चहा आणून दिला. मी तो पूर्ण प्यायलो.

ती खाली बसून खापऱ्या वेचायला लागली. मॅडमनी भट्टी तिच्याकडून काढून घेतली. रविवारचा वर्ग कॉलेजच्या मुलीला मिळाला. ती आणखी एकदोनदा आली, कोपऱ्यातल्या चाकावर बसली, आणि मग येणं बंद झालं.

मी मात्र जात राहिलो. हिवाळ्यात माझी माती मध्ये यायला लागली. पहिल्यांदा ती हाताखाली हलायची थांबली तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी उठून मागे गेलो आणि नळाशी उभा राहिलो. मग हात पुसून परत येऊन बसलो. असा मी. नंतर एक वाडगा घरी गेला, बायकोनं त्यात सुपारी ठेवली, पाहुण्यांनी हातात घेऊन पाहिला, वा म्हटलं. मी त्यातली सुपारी कधी खाल्ली नाही. एवढंच माझं प्रायश्चित्त.

यंदाच्या पावसाळ्यात नवी मंडळी आली. मॅडम त्यांना ओल्या भांड्याबद्दल सांगत होत्या. "गेल्या वर्षी एका बाईनं घाई केली आणि सगळ्यांचे बैल गेले. या काकांचा तर पहिला वाडगा होता. पण काका तिला एक शब्द बोलले नाहीत."

नवी माणसं माझ्याकडे आदरानं पाहायला लागली. माझे हात कोपरापर्यंत चिखलात होते.

"तो वाडगा मी ठेवला होता," मी म्हणालो. "तिनं बाजूला काढलेला. ती हात धुवायला गेली तेव्हा मी आत सरकवला."

चाकं थांबली. मग बँकेतल्या बाई हळूच म्हणाल्या, "हे सांगायलाही हिंमत लागते, काका." मला तिथंच थुंकावंसं वाटलं.

मॅडम तसलं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तिनं गालाला लावून पाहिला होता?"

"हो. गार लागतो म्हणाली होती."

"आणि मी तिला सगळ्यांसमोर बोलले." त्यांनी हात धुतले, गाडीची किल्ली घेतली. "चला. हे तिला सांगायचं."

हिंगण्याला तिच्या घरी पोचलो तेव्हा सासू ओसरीवर तांदूळ निवडत होती. नवरा रात्रपाळी करून आत झोपला होता. ती दारात आली, मला पाहिलं आणि पदर खोचून उभी राहिली. "या" म्हणाली ते मॅडमना.

"ह्याच काय त्या मॅडम?" सासूनं विचारलं. "बैल फोडले म्हणून काढलं ना हिले?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. वाडगा, झाकण, आणि नंतरची ती माफी. सासूचा हात सुपात थांबला.

"मंग तवाच काहून नाही बोलले?"

"लाज वाटली."

"आन्‌ हिची गेली ते?"

सून तिच्याकडे वळून म्हणाली, "सांगा ना आता या दोघांले, आई. सहा महिने तुम्ही मले गॅसवर दूध नाही ठेवू दिलं. हिचं ध्यान नाही राहत म्हणे. पाहुणे आले तरी तेच सांगत होत्या."

"मले काय माहीत वं," सासू पुटपुटली. "मोठा माणूस खोटं बोलते, हे काय सपनात येते काय?" ती खाली पाहून पुन्हा तांदूळ निवडू लागली, पण खडे काढत नव्हती, नुसती बोटं फिरवत होती.

मॅडमनी सुनेची माफी मागितली. भट्टी परत घे म्हणाल्या. मुलांची संख्या वाढली आहे, रविवारचा एक वर्ग तुझा.

तिनं विचार केला. घाई केली नाही.

"भट्टी घेईन. वर्गपण घेईन. पण हे काका तिथं नको. भांडं ओलं आहे का ते मले पाहता येते. माझ्या मागून कोण काय ठेवते, ते पाहत बसायचं नाही मले."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. मॅडमनी मला घराच्या कोपऱ्यावर सोडलं.

दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. बायकोनं विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं, सकाळी फिरायला भेटणाऱ्यांनी विचारलं. सगळ्यांना मी सांगितलं की गुडघे दुखतात, खाली चाकाशी बसवत नाही. लोक हळहळले, कुणी तेल सुचवलं. ते तेल बायको रोज रात्री माझ्या गुडघ्यांना लावते.

माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. मला तिथं जायला मनाई आहे, आणि ती तिनं केली आहे. हे लिहिलेलं आधी बायकोला वाचायला देणार आहे.