खाऱ्या वाऱ्याचा भरवसा

आमच्या शेजारचा नाखवा बोलता बोलता खोकतो आणि खोकून झालं की कानावरची विडी काढून पेटवतो. काशीदच्या किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करतानाही विडी ओठातच असते. मी काही बोललो की म्हणतो, "भाऊ, क्यान्सर मुंबईत होतो. आपल्याकडं खारा वारा हाय, समदं धुऊन नेतो."

या खाऱ्या वाऱ्याची मला चीड आहे. आमच्या आळीतली किती माणसं खोकून खोकून गेली! 'दमा होता' म्हणत आम्ही त्यांना पोचवून आलो. एकाच्याही छातीचा फोटो कुणी काढला नाही. मुंबईत तपासतात म्हणून तिकडं कॅन्सर सापडतो, एवढंच!

नाखव्याचा धाकटा भाऊ मुंबईला गोदीत कामाला होता. लहानपणापासून दोघं एकाच बंडलातली विडी ओढायचे. भावाची तपासणी झाली, फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. तो गेला तेव्हा नाखवा म्हणाला, "मुंबईनं खाल्ला त्याला."

गावी दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळे हात जोडून ताटकळले. शेवटी नाखव्यानं कानावरची विडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि पिंडाशेजारी ठेवली. कावळा लगेच आला.

"बघा, जीव यातच अडकला व्हता," तो म्हणाला. सगळ्यांनी समाधानानं माना डोलावल्या.

मला राहवेना. "अरे, या विडीनंच घेतला त्याचा जीव!"

तो उत्तर द्यायला वळला आणि त्याला खोकला आला. थांबेचना.

"दमा हाय त्याला," मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं.