डोळे जड झाले की

उमरेडच्या बसस्टँडवर बाबांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली. आई रडत होती आणि बाबा कंडक्टरला बजावत होते, "पोरीले नागपुरात धंतोलीले जायचं हाय जी, बरोबर जागी उतरवून द्या." जणू मी पार्सलच! नागपूर काही परदेश नाही. पण तिथली झोप निराळी असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या घरी हातमाग. बाबांचा एकच नियम, डोळे जड झाले की माग सोडायचा, मग गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. "झोपेत विणलेलं कापड आपली चूक आपोआप सांगते वं," ते म्हणत. लहानपणी मला हा चक्क आळस वाटायचा.

आता मी धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात नर्स आहे, कधी डे, कधी नाइट. ड्युटी बदलली की शरीराला काही केल्या पटत नाही. दुपारी भाड्याच्या खोलीत खिडकीला चादर लावून कूलरसमोर पडते. भाजीवाला ओरडतो, मालकीणबाईंचा कुकर शिट्ट्या देतो आणि मी झोप नि जाग यांच्या मधल्या कुठल्याशा गावात हिंडत राहते. तिथे सलाइनचे थेंब पडतात आणि त्याच ठेक्यावर बाबांच्या मागावर धोटा इकडून तिकडे धावतो.

एका सकाळी नाइट संपली, पण पुढची सिस्टर आलीच नाही. इन्चार्ज मॅडम म्हणाल्या, "जरा थांब." थांबले. एका आजींना इंजेक्शन द्यायचं होतं. मी सलाइनची नळी धरली आणि माझी बोटं तिला पीळ देऊ लागली, तुटलेला धागा सांधताना देतात तसा.

"काय करून राहिली वं बाई?" आजींनी विचारलं.

मी दचकले. ट्रेमधली सिरिंज कोणत्या बेडची, ते आठवेना. नोकरी नवी, मॅडम कडक. गपचूप देऊन टाकावं, असंही क्षणभर मनात आलं. मग ट्रे उचलून मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"मॅडम, माझे डोळे जड झालेत. आता मी कुणालाच सुई टोचणार नाही."

त्या भडकल्या, उद्या ऑफिसात भेट म्हणाल्या. पण ती सिरिंज त्यांनी टाकून दिली, फाइल पाहून नवं औषध भरलं आणि स्वतः आजींकडे गेल्या.

बाहेर पायरीवर बसून मी घरी फोन लावला. नोकरी जाणार म्हणून रडत रडतच सगळं सांगितलं. वाटलं, बाबा म्हणतील, ये परत.

"मंग तू गेलीच कुठं वं?" ते म्हणाले. "घरीच हायेस."

नोकरी राहिली, मॅडमचा रागही बरेच दिवस राहिला. गावच्या सोबत्यांनो, उमरेडला राहिलेले तुम्ही आणि पुण्याकडे रात्रपाळ्या करणारे तुम्हीही विचारता, घरची आठवण येते का? येते, फार येते. पण त्या दिवशी खोलीवर आले, चादर लावायचंही विसरले आणि भर उन्हात, नागपुरात आल्यापासून पहिल्यांदाच, गाढ झोपले.