लाकूड कोरण्याआधी

"वरचं समद्यांना ऐकू येतं, ताई. खालचं कोण ऐकतंय?" असं म्हणून तो गिटारच्या लाकडाला हनुवटी टेकवायचा आणि डोळे मिटून जाड तार छेडायचा.

भोरच्या ऑर्केस्ट्रात मी गायची, तो बेस गिटार वाजवायचा. दिवसा मी शाळेत बाई, तो गॅरेजात वायरमन. माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला, म्हणून अरे-तुरे. तुम्हीही ऑर्केस्ट्रा पाहिला असेल, पण बेसवाल्याचा चेहरा आठवतोय का सांगा! नाहीच आठवणार.

एकदा त्याच्या गिटारचा पिकप मेला. पिकप म्हणजे तारांखालची चुंबकाची डबी. तारेची थरथर तीच स्पीकरपर्यंत पोचवते. ती गेली की गिटार म्हणजे नुसतं लाकूड. आमचे मालक तापट. "उत्रोलीच्या लग्नाआधी नीट कर, नाहीतर मला बेसच नको," म्हणाले.

तो एसटीने पुण्याला जाऊन दोन पिकप घेऊन आला. एक चकचकीत, पण सहा तारांच्या गिटारचा, बेसला तर चारच तारा. दुसरा कुठल्याशा मोडक्या बेसमधून काढलेला, गंज चढलेला. तालमीत त्याने दोन्ही चिकटपट्टीने लावून पाहिले. नव्याचा आवाज टणटणीत, पण मधल्या तारा दबत होत्या. त्याने त्यावर करवतीच्या पात्याचा तुकडा आडवा ठेवला आणि काय आश्चर्य, चारी तारा सारख्या बोलायला लागल्या. जुना मात्र म्हैस गोठ्यात हंबरावी तसा घुमायचा. सगळ्यांनी एकमुखाने नवा पसंत केला.

"घरी वाजवून बगतो," तो म्हणाला. जुना आकाराने मोठा, त्याच्यासाठी लाकूड कोरावं लागणार आणि एकदा कोरलं की नवा त्यात बसणार नाही. पण घरी काय वेगळं ऐकू येणार? मला नसत्या चौकशांची खोड. मी निघाले त्याच्याबरोबर.

वाटेत सायकल ढकलत त्याने सांगितलं. एके काळी त्याच्या वडिलांची हलगी पंचक्रोशीत नावाजलेली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली त्यांनी ती कायमची खाली ठेवली. गावकीचं वाजवणं बंद म्हणजे बंद. मग पोरगा पुन्हा लोकांच्या लग्नात वाजवतो, हे त्यांना कसं रुचावं? ते एकदाही आमच्या कार्यक्रमाला आले नव्हते. "येकदा यावं बानं. बास, बाकी काय न्हाई," तो म्हणाला.

वडील बाजेवर बसून तांदूळ निवडत होते. कान जवळजवळ गेलेले, ओरडून बोललं तरच ऐकू यायचं. त्याने स्पीकरचं खोकं बाजेच्या पायाला टेकवलं आणि नवा पिकप वाजवला. वडील तांदूळ निवडत राहिले. मग जुना लावला. सुपातला हात थांबला. त्यांनी बाजेच्या लाकडावर पंजा टेकवला.

"ह्ये तू वाजवतुयास?"

त्याने मान हलवली.

"बोलवाय कोन येतं?"

"घरी येऊन सुपारी देत्यात, बा!"

"बसाय?"

"खुर्ची!"

"आन् च्या?"

"कपबशीत! समद्यांना देत्यात त्याच!" बाई गं, गल्लीभर ऐकू गेलं असेल ते.

वडील पुन्हा खडे वेचू लागले. त्याने मात्र तिथेच पटाशी घेतली, लाकूड कोरलं आणि जुना पिकप बसवून त्याच्या वायरी डाक देऊन जोडल्या.

मालकांनी कपाळाला हात लावला. "अरे, कुणाला ऐकू जाणार हे?"

"ज्याला जायाचं त्याला जातंय."

उत्रोलीला वडील आले. धुतलेली टोपी घालून, न सांगता. मांडवात बसले नाहीत, सरळ येऊन आमच्या खोक्याशेजारी बसले. पहिल्या गाण्याआधी चहा आला. त्यांनी आधी पोराच्या हातातली कपबशी पाहिली, मग माझी, मग मालकांची. सावकाश पाहिली. मग आपली उचलली, एक घोट घेतला आणि मोकळ्या हाताने खोक्यावर थाप मारली.

"वाजीव."

त्याने बाहीने डोळे पुसले आणि जाड तार छेडली. आज तो नाही, वडील तर कधीच गेले. गाणं कोणतं होतं तेही मला आठवत नाही. मी पहिली ओळ चुकले, एवढं पक्कं आठवतं.