मामांच्या दमासाठी बसवलेला कीबोर्ड

कीबोर्ड वाजवणारा माणूस आणि कीबोर्ड आपल्या सोयीनं बसवणारा माणूस ही दोन वेगळी जनावरं आहेत. पहिला वाजवतो. दुसरा महिनोन्‌महिने बटणं खोलून बघतो, आणि ऐन वाजवायच्या वेळी कुठलं बटण कशाला ठेवलं होतं ते आठवत बसतो. मी दुसऱ्यातला.

माझा कीबोर्ड साथीसकटचा आहे. डाव्या हातानं दोन-तीन पट्ट्या धरल्या की आतली ढोलकी, बास, टाळ सगळे उठून कामाला लागतात. उजव्या हातानं आपण चाल वाजवायची. मात्र कंपनीनं आत भरून दिलेले ताल कुठल्या तरी थंड देशातल्या लग्नांचे. ते लावून आमच्याकडं हळद वाजवली तर नवरीच्या आधी वरमाय रडेल. म्हणून भोरातलं माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान दुपारी सुस्तावलं की मी हेडफोन चढवून स्वतःचे ताल बसवायला घ्यायचो. उत्रोलीच्या पोरांचा ढोल रेकॉर्ड केला. टाळ घरचे. हलगी किकवीच्या एका वरातीत मोबाईल उंच धरून मिळवली, त्यात कुणाचा तरी कोपर माझ्या बरगडीत बसला तोही आवाज आहे. मग तुकडे पाडायचे, पेनड्राईव्हवर भरायचे आणि एकेका बटणावर एकेक नेऊन ठेवायचा. बटणं चटकन ओळखू यावीत म्हणून त्यांना बायकोचं नेलपेंट लावलं.

बायको म्हणाली, "माझ्या बोटांना कधी लावलंत का एवढ्या मायेनं?"

मी म्हणालो, "तुझी बोटं मला अंधारातही ओळखू येतात."

"म्हणूनच बाटली संपवलीत वाटतं."

या रंगकामाचा फायदा काय झाला, तर पुढच्याच लग्नात मंगलाष्टकं संपताना मी गुलाबीऐवजी लाल दाबलं. सनईच्या जागी हलगी कडाडली. भटजींच्या हातातल्या अक्षता त्यांच्याच डोक्यावर पडल्या आणि नवऱ्याकडचे दोघं सवयीनं नाचायला लागले. एवढं सांगितलं म्हणजे मामांच्या गावच्या जत्रेत कीबोर्ड घेऊन जाणारा मी काय लायकीचा होतो ते ध्यानात येईल.

मामांचं गाव विंझरच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी. तिथल्या गावदेवाच्या जत्रेची एक रीत आहे. देवाची पालखी नदीवर जाऊन, अंघोळ करून परत येते आणि देवळाच्या पायरीपाशी थांबते. तिथं एक गाणं म्हणायचं असतं. ते त्याच गावाचं. कुणी रचलं ते कुणालाच ठाऊक नाही. "डोंगराच्या देवा, उतर आमच्या दारी" असं त्याचं धृपद, आणि मग तीन चरण. तिन्ही चरण पुरे झाल्याशिवाय पालखी आत जात नाही आणि भोयांच्या खांद्यावरून खालीही उतरत नाही. म्हणणारा एकटाच, आणि तो मामांच्या घरातला. आधी माझे आजोबा म्हणायचे, म्हणजे आईचे वडील. मामा लहानपणी त्यांच्या मागं उभे राहून धृपद उचलायचे. आजोबा गेल्यावर ते पुढं आले. मागं कुणी राहिलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मामांना न्यूमोनिया झाला. पुण्याला नेलं, तिथून वाचून आले, पण छातीतला दम तिथंच राहिला. बोलतानाही वाक्याच्या मध्येच थांबायचे, बांधावर टेकावं तसे. जत्रा जवळ आली तेव्हा गावातल्या जाणत्यांनी मायेनंच सुचवलं, औंदा स्पीकरवर रेकॉर्ड लावू, देव काही रागवायचा नाही.

मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लावा की. पर मग मी जत्रंला येनार न्हाई. हितं गोठ्यात बसंन."

मामी मला फोनवर म्हणाली, "भाचं, औंदा ते म्हनले न्हाई, तर पुन्यांदा तोंड उघडायचे न्हाईत. मी वळखते त्यास्नी. आजारी मानूस हाय का गेलेला मानूस, त्याचा निकाल लागायचाय त्या पायरीवं."

गावचे पेटीवाले लेकाकडं राहायला गेले होते, म्हणून साथीला मला बोलावलं. गावात माझ्याबद्दल फारसं काही माहीत नसल्याचा तो पुरावा.

मी मनात एक बेत रचला. एका जुन्या फोनच्या मेमरी कार्डात मामांचंच तरुणपणीचं धृपद मला सापडलं होतं, अशाच एका जत्रेत मी रेकॉर्ड केलेलं. काय आवाज होता! दरीत सोडलेल्या घारीसारखा. ती एक ओळ कापून घेतली, कीबोर्डच्या एका बटणावर बसवली. मामांचा श्वास तुटेल तिथं ते बटण हळूच दाबायचं. नव्या आवाजाखाली जुना सरकेल, कुणाला कळायचं नाही. देवाला फसवायचा विचार नव्हता, फक्त मामांना. आता मामांचा सूर आजारानं खाली उतरला होता, म्हणून सगळी साथ मी दोन पट्ट्या खाली आणली, आणि त्याबरोबर ती जुनी ओळही मोबाईलवरच्या ॲपमध्ये तेवढीच खाली ओढली. आवाज जड झाला, पण सुरात बसला.

एक खोट राहिली. रेकॉर्डिंगमध्ये धृपदाच्या शेवटच्या अक्षरावर कुणी भेळवाला "ए भेऽळ" म्हणून ओरडला होता. मी "ळ" कापला. "भे" कापायला गेलो तर मामांची "दारी" कापली जायची. ठेवला. एवढ्या गलक्यात कोण ऐकतंय?

जत्रेच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पालखी नदीवरून वर आली. गुलालानं रस्ता लाल, ताशे कानठळ्या बसवत होते. कीबोर्ड पायरीच्या बाजूला एका टेबलावर मांडला होता. मामा धुतलेला सदरा आणि नवी टोपी घालून पायरीवर उभे. ताशे थांबले. अख्खं गाव गप्प झालं आणि एकदम डोंगर जवळ आल्यासारखा वाटला. मामांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी डाव्या हातानं सूर धरला.

आणि मामांनी तोंड उघडायच्या आत मामा गायला लागले.

"डोंगराच्या देवा, उतर आमच्या दारी... ए भे."

मला क्षणभर काहीच उमगलं नाही. मग सगळंच उमगलं. बटण दाबल्यावर वाजावं असं ठेवण्याऐवजी मी ते सूर धरताच आपोआप सुरू होईल असं ठेवलं होतं. आणि एकदाच वाजण्याऐवजी पुन्हा पुन्हा वाजावं असं. चार मात्रा नुसती ढोलकी, चाराच्या आठ मात्रा झाल्या, चरण मावेल एवढी जागा गेली, की परत, "डोंगराच्या देवा, उतर आमच्या दारी... ए भे."

पोरं फिदीफिदी हसली. पलीकडं गाडीवरचा खरा भेळवाला मान उंचावून बघायला लागला. मामा तोंड मिटून उभे, आणि त्यांचाच आवाज स्पीकरमधून गावभर.

मी थांबवायचं बटण दाबलं. ओळ थांबली नाही, ढोल मात्र दुप्पट झाला. पुन्हा दाबलं. आता टाळही आले. तेव्हा आठवलं की थांबवायच्या बटणाचा फारसा उपयोग होत नाही म्हणून मीच त्याच्यावर उठावणी, म्हणजे ताल आणखी चढवायची सोय, बसवली होती. जितकं थांबवायला जावं तितका कीबोर्ड चेव येऊन वाजत होता. पुढचा भोई घामानं निथळत म्हणाला, "पावनं, देवाला नाचवताय का आमाला?"

आता दोनच उपाय उरले, पट्ट्यांवरची बोटं उचलायची नाहीतर आवाजाची मुख्य कळ शून्यावर न्यायची. पण मग साथही जाणार, आणि मामा सुराविना उघडे पडणार. तरी माझा हात तिकडं गेला.

मामांनी तळहात वर केला. थांब.

ते माझ्याकडं बघतच नव्हते. स्पीकरकडं बघत होते, घरात कोण आलं ते ओसरीवरून वाकून बघावं तसे. आणि त्यांच्या शेजारची एक थकलेली म्हातारी, मामांची थोरली चुलती, कमरेवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाली, "आगं बया. भावजी हायेत का काय?"

भावजी म्हणजे माझे आजोबा.

मी आजोबांचा आवाज कधी ऐकला नव्हता. कुणी रेकॉर्ड केला नव्हता, त्या काळी गावात रेकॉर्ड करायला होतं काय? मामांचा तरुण आवाज दोन पट्ट्या खाली ओढला तर तो कुणाचा होतो हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. माझ्या दुकानातल्या टेबलावर, फुटक्या स्क्रीनांच्या ढिगाऱ्यात, चहा पीत मी ते केलं होतं. पण पुढं उभी असलेली म्हातारी माणसं एकेक करून टोप्या सारख्या करायला लागली. एकानं चप्पल काढली. हसणारी पोरं त्यांच्याकडं बघून आपोआप गप्प झाली. पट्ट्यांवरची बोटं उचलायचं मला धैर्य होईना, न जाणो बोटं उचलली तर हा माणूस परत जायचा.

धृपद संपलं. "ए भे" झालं. कुणीही हसलं नाही.

आणि त्या मोकळ्या जागेत मामांनी पहिला चरण उचलला.

आवाज पातळ होता, चरणाच्या शेवटी फाटला. पण जिथं फाटला तिथंच धृपद आलं. खालून, जाड, दमदार. मामांनी डोळे मिटले, श्वास घेतला. धृपद चालू असेपर्यंत त्यांना काही म्हणायचंच नव्हतं. त्यांची छाती सदऱ्याखाली वर-खाली होताना मला दिसत होती. धृपद संपता संपता ते भरून तयार होते. दुसरा चरण. पुन्हा फाटला, पुन्हा धृपदानं झेलला. लहानपणी मामा बापाच्या मागं उभे राहून ओळ उचलायचे. आता बाप लेकाच्या मागं उभा होता. मी हे बसवलं नव्हतं. मला सांगितलं असतं तर बसवताही आलं नसतं, गुलाबी-लाल करत राहिलो असतो.

तिसऱ्या चरणाला मामा अडखळले. पहिल्या अर्ध्यातच खोकला आला, वाकले. भोई एकमेकांकडं बघायला लागले. मामीनं पदर तोंडाशी धरला. ढोलकी कुणासाठी थांबत नाही, ती मात्रा मोजत पुढं चालली होती. अर्धा चरण राहिला आणि धृपद आलं. मामा वाकलेलेच. मला वाटलं, झालं. पण धृपदाच्या मधेच त्यांनी मान वर केली, आणि चरण न म्हणता त्या आवाजात आपला आवाज मिसळून धृपदच म्हणायला लागले, लहानपणी म्हणायचे तसं, बापाच्या अर्धं पाऊल मागं. दोन आवाज एका ओळीत. एक फाटका, एक जड, आणि दोन्ही एकाच गळ्यातले, हे मला एकट्याला माहीत असूनही मला ते खरं वाटेना. मग धृपद संपलं, मामा सरळ उभे राहिले, आणि तिसरा चरण पहिल्यापासून म्हणाले. सगळा. शेवटच्या अक्षरापर्यंत.

गुलालाचा लोट उठला. पालखी हलली, पायऱ्या चढली, भोई वाकून उंबरठ्यातून आत गेले. ताशे कडाडले. पण त्याच्या आतून, खाली कुठंतरी, धृपद अजून चालूच होतं. माझा डावा हात पट्ट्यांवर तसाच होता.

मामा येऊन माझ्या टेबलाशेजारी पायरीवर बसले. धाप लागली होती, कपाळ गुलालानं माखलेलं. मी बोलायला लागलो, "मामा, ते बटण माझ्याकडनं चुकून..."

त्यांनी मला गप्प केलं. स्पीकरकडं कान देऊन धृपद एकदा पुरं ऐकलं. परत एकदा ऐकलं. ताशे लांब गेले तसा तो आवाज आणखी मोठा वाटायला लागला. मामी पाण्याचा तांब्या घेऊन आली, तीही उभी राहून ऐकत राहिली.

मग मामा म्हणाले, "बास. बंद कर आता. त्यास्नी दम लागंल."

मी वायर काढली.