चंद्रीची बैठक

शालिग्रामकाकांच्या तोंडात विडा कधी दिसला नाही. चामड्याची ओली वादी मात्र कायम. तिचं एक टोक दातांत धरायचं, दुसरं चौकटीत ओवायचं आणि तशातच गप्पा मारायच्या. मागच्या हिवाळ्यात ते गेले. अजून डोळे मिटले की ते मला असेच दिसतात.

मोताळ्याजवळ धरणाकाठी मी त्यांची शेजारीण. त्यांचं शेत पलीकडच्या काठाला, म्हणून ये-जा करायला घरचा डोंगा, लहानशी होडी. फळीवर बसून काकूंची कंबर धरायची, त्यामुळे त्यांनी शेतात जाणंच सोडलं होतं. "तिच्याबिगर वावरात करमत नाही, मॅडम," काका बिनदिक्कत सांगायचे. त्यांनी डोंग्यात बाजेसारखी विणलेली बैठक करायला घेतली.

कच्च्या कातड्याची वादी ओली असतानाच विणायची. वाळली की आखडते, वीण ताठ होते; पुन्हा भिजून वजन पडलं की सैलावते, मधे खोलगट होते. "पानी नका लागू देऊ, झोल पडीन," ते प्रत्येकाला दटावायचे. पाण्यातल्या डोंग्याला पाणी लागू द्यायचं नाही! पण काकांना सांगणार कोण?

कातडं चंद्रीचं होतं. चंद्री म्हणजे त्यांची म्हैस, म्हातारी होऊन मेलेली. दुपारभर धरणात डुंबायची. ती अशी आपल्यासोबतच राहील, ही काकांची भाबडी समजूत. कौतुकानं त्यांनी काकूंना हे सांगितलं मात्र, काकूंचा चेहरा पडला.

"काऊन असं केलं तुमी? जिनं घराले दूध पाजलं, तिच्यावर मी बसू?"

त्यानंतर अबोला. "मॅडम, त्याईले सांगा, भाकर झाकून ठेवली," काकू मला सांगत, काका तिथंच असले तरी. काका एकटे शेतात जात, बैठक रिकामी ठेवून डोंग्याच्या तळाशी बसत. "चुकलो, मॅडम. तिले इचाराले पाह्यजे होतं," एकदा म्हणाले. मला त्यांची फार कणव आली.

चैत्रातली रविवारची दुपार. पाणी इतकं निवांत की पलीकडचा काठ तरंगतोय असं वाटावं. काका आणि मी बाभळीखाली पेंगत होतो. काकू भाकरी घेऊन आल्या, डोंग्याशी थबकल्या. बैठकीवरून त्यांनी हळूच तळवा फिरवला. मग तांब्या भरला आणि तिच्यावर ओतला. मी अडवायला उठले. काकांनी हातानंच मला थांबवलं.

"उन्हात हिले पानीच लागे," काकू स्वतःशीच बोलल्या. तांब्यामागून तांब्या ओतत राहिल्या. मग पदर खोचून त्या अलगद बैठकीवर बसल्या.

"चाला," त्या म्हणाल्या. काकांना, मला नव्हे.

वल्ह्याचा आवाज दूर जात राहिला, आणि मी काठावर उभी राहून चक्क रडले.

बैठक वाळली ती मधोमध खळगा घेऊनच. पुन्हा ताणून विणा, असं मी सुचवलं तेव्हा काका हसले.

"ती बसली, त्याचा झोल हाय थो. थो मी कायले काढू?"